निळी गाठी

गारखेड्यातल्या एका घराच्या कुंपणावरून सारजा गोकर्णाची निळी फुलं ओढणीत खुडून घेत होती. मागून आवाज आला, "देवाला व्हय?"

"नाय... खायला."

आवाज घरमालकाचा, मुंजाबाचा. त्याची छावणी भागात साखरेच्या गाठींची भट्टी. विकतच्या रंगानं भाचीच्या अंगावर पुरळ उठलं, तेव्हापासून त्यानं रंगीत गाठी बंदच केलेल्या. सारजा म्हणाली, "फुलं गरम पाण्यात घातली की झाला रंग. उद्या आणते."

आणला. आणि पाकात ओतला तर निळ्याचं जांभळंच झालं.

"रंग शिळा हाय तुमचा."

"पाक खोटा हाय तुमचा."

मधे लिंबू निघालं. पाक नीट बसावा म्हणून तो लिंबू पिळायचा, अन् गोकर्णाला लिंबू लागलं की रंग पालटतो. दोघंही हसले... मग तिचं भट्टीवर येणं सुरू झालं. बिटाचा गुलाबी जमला, हळदीचा पिवळा जमला. निळा काही टिकेना.

"नावच मुंजाबा," ती एकदा म्हणाली, "लगीन व्हायचं कसं?"

त्याचे कान लाल झाले, बीट न लावता.

पाडवा तोंडावर आला तशी ती एक दिवस गप्प गप्पच आली. "आप्पांनी नोकरीवाला पाहिलाय. पाडव्याला शब्द देणारेत... तुमचं काय म्हणणं?"

मुंजाबा पाक ढवळत राहिला. "तिथं सुखात राहशाल..."

मेल्यानं एकदा तरी वर बघावं की नाही! सारजा डोळे पुसत घरी आली.

पाडव्याला गुढी उभारून, टोपी चढवून सारजाचे आप्पा शब्द द्यायला पाहुण्यांकडे निघाले, तर दारात मुंजाबाची आई बानाबाई. ताटात साडी, साडीवर गाठी. लग्न ठरलेल्या पोरीलाच सासरहून अशी गाठी येते. इथं तर काहीच ठरलेलं नव्हतं. मागं मुंजाबा, मान खाली घालून.

गाठी निळी होती, थेट गोकर्णासारखी. पण पदकं खरबरीत, दोन तर तुटलेली.

आप्पांनी ती हातात घेऊन पाहिली. "छावणीत एवढं नाव तुझं, अन् गाठी ही असली?"

"लिंबू नाय घातलं, आप्पा." मुंजाबानं आता वर बघितलं. "माझा पाक बिघडला तर बिघडू द्या... तिचा रंग बदलाया नको."

ज्या घरी जाशील त्या घरासारखी हो, हेच सारजानं लहानपणापासून ऐकलेलं. तुटकं पदक उचलून तिनं तोंडात टाकलं.

"आप्पा," ती म्हणाली, "टोपी काढून ठेवा."