दुधातली गोळी

"तिला आत घेऊ नका! विष घालतेय ती मला... दुधातून विष!"

अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराआडून सासूबाईंचा तो चिरका आवाज आला आणि सुनेचे पाय जागच्या जागी खिळले. छातीवर तारा, नाकात नळी, नळी उपसू नये म्हणून पलंगाला बांधलेलं मनगट... आणि ते डोळे! दारात वैरीण उभी असावी तसे तिच्यावर रोखलेले. नवरा गेला तेव्हा माहेरच्यांनी किती विनवलं होतं. पण आईंना एकटं टाकून येणार नाही म्हणून जी या घरात मागे राहिली, तिनेच हे ऐकावं!

नणंदेने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. "वहिनी, तुम्ही आत जाऊच नका. आई उगीच काही बोलायची नाही."

सुनेने दंड सोडवून घेतला नाही. कारण दुधातून ती खरंच काहीतरी घालत होती...

विष नव्हे हो, हृदयाची गोळी! आई गोळी गालात धरायच्या आणि पाठ वळली की खिडकीतल्या कुंडीत थुंकायच्या. रागावलं तर म्हणायच्या, "अगं, त्या झाडाचं काळीज तरी घट्ट होऊ दे!" हसू यायचं, पण जीवही धसकायचा. म्हणून सून रोज गोळी कुटून साखर घातलेल्या दुधात विरघळवायची आणि कुणाजवळ ब्रसुद्धा काढायची नाही. आईंना कळलं तर दूधही सोडतील!

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आजींची नाडी फार मंदावलीय. भ्रम झालाय, सगळं पिवळं दिसतंय म्हणतात. हृदयाची गोळी जास्त गेली की म्हाताऱ्या माणसांचं असं होतं. रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ आहे, आणि उतारा द्यायचा तर आत्ताच द्यायला हवा. रोज किती गोळ्या जात होत्या?"

"एकच," नणंद ठसक्यात म्हणाली. "माहेरी राहायला आल्यापासून मीच देते. माझ्या हातून आई निमूट गिळते!"

सुनेने मनात मोजलं. लेकीच्या हातची एक... आणि दुधातली एक! तिने नणंदेच्या रडून सुजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. आईंचं काही बरंवाईट झालं, तर ही पोर जन्मभर स्वतःच्या हाताकडे कशी बघेल?

"दोन जात होत्या, डॉक्टर," ती म्हणाली. "ताई देतात हे मला ठाऊक होतं, तरी मी दुधातून चोरून आणखी एक द्यायचे. चूक माझी एकटीची आहे."

"वहिनी!" नणंद किंचाळली. "म्हणजे आई खरं बोलत होती! आमच्या घरात पाऊल टाकू नका पुन्हा!"

डॉक्टरीणबाई धावतच आत गेल्या. उतारा सुरू झाला. दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या. आतलं यंत्र वाजलं की दोघींचे श्वास एकदमच अडकायचे... आता सिस्टर बाहेर येईल, आता मान हलवेल...! सुनेला वाटे, आई गेल्या तर जाताना मला वैरीण समजूनच जातील!

बऱ्याच वेळाने सिस्टर बाहेर आली. "नाडी सुधारतेय. कुणीतरी एकानेच आत या."

नणंद उठली, आणि तशीच थबकली. "वहिनी... मी गोळी देते हे तुम्हाला कुठे ठाऊक होतं? तुम्ही अंघोळीला गेलात की मी द्यायचे. आई तुमचं ऐकत नाही, माझं ऐकते, हे मनातल्या मनात मिरवायला! मग खोटं का बोललात?"

"चूक वाटून घेतली असती, तर काय आईंची नाडी लवकर चालली असती?"

नणंद तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडू लागली. मग डोळे पुसून तिनेच वहिनीला दाराकडे ढकललं. "तुम्ही जा. आधी तुम्ही!"

अंगावर हिरवा डगला, तोंडावर मास्क. सून पलंगाशी गेली. पुन्हा ओरडल्या तर? त्या ओरडण्यानेच नाडी थांबली तर?...

आईंनी डोळे उघडले. मास्ककडे पाहत राहिल्या. ओळख नव्हती, पण भीतीही नव्हती.

"सिस्टरबाई," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "बाहेर माझी सून बसली असेल. तिला म्हणावं, घरी जाऊन दोन घास खाऊन ये. मी जेवल्याशिवाय ती जेवत नाही हो... वेडी आहे."

सुनेने मास्कवर हात दाबून धरला.

"सांगते हं, आजी," ती म्हणाली.