उत्तररंगातली आग

या मंडळी, अंमळ पुढं सरका. टाळ मांडीवर ठेवा, मृदंगाला थोडी उसंत द्या. देवाचं नाव घेऊन झालं, आता माणसाची एक गोष्ट ऐका. मधे हसू येईल, पण ते घशातच अडेल, हे आधीच सांगून ठेवतो.

चंद्रावळगडावर त्या दिवशी उजाडलं तेच दाट धुक्यात. खोरं बुडालेलं, बुरुजांची डोकी तेवढी वर आलेली. आणि पश्चिमेच्या कड्यावर, जिथून गुन्हेगाराला खाली लोटीत, दोन शिपाई खराटा घेऊन जागा झाडत होते. न्याय अजून व्हायचा होता. सदरेकडे निघालेल्या केसोपंत उकिडव्यांनी ते पाहिलं आणि त्यांच्या ओठांवरचं रामनाम मधेच थांबलं.

केसोपंत हे राजमंडळानं धाडलेले न्यायाधीश. कैदी होता जिवाजी मोकल. गडाच्या नव्या तटासाठी रयतेला वेठीला धरून फुकट दगड वाहायला लावत. जिवाजीनं गावोगाव फिरून लोकांना डोक्यावरच्या पाट्या खाली ठेवायला सांगितलं. हा आरोप त्याला कबूल होता आणि त्याची शिक्षा होती कैद. पण दुसरा आरोप जिवावरचा. घाटाखाली, गडापासून दोन मजला, म्हणजे दोन दिवसांच्या चालीवर, पळसखिंडीचं सरकारी कोठार चैत्री पौर्णिमेला भर दुपारी जळालं होतं. ते जिवाजीनं आपल्या हातानं पेटवलं असं ठरलं, तर कडेलोट.

सदर भरली. पायांत बेड्या घातलेला जिवाजी एका खांबाशी उभा राहिला. किल्लेदार सुभानराव खानविलकरांनी शपथेचा बेलभंडार उचलला आणि मनात साठलेलं सगळं एका दमात ओकायला सुरुवात केली.

"पंत, हा माणूस नव्हे, रोग आहे! दरोडेखोर, नास्तिक, आईबापाला न जुमानणारा. याचा माज किती म्हणून सांगू? ऐन चैत्री पौर्णिमेला, गडावर देवाचा उत्सव, आणि हा दीडदोनशे माणसं घेऊन महादरवाजात ठाण मांडून बसला. सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत हलला नाही! मी स्वतः खाली उतरलो, तर सगळ्यांदेखत मला म्हणतो, 'सरकार, या, एक पाटी तुम्हीही उचलून बघा, मानेला बरं वाटेल!' माझे शिपाई तोंड फिरवून हसले, पंत. खानविलकरांच्या सात पिढ्यांत असा अपमान झाला नव्हता."

"आणि कोठार?" पंतांनी विचारलं.

"त्याला मी कशाला हवा? याच्याच माणसाला विचारा. मुकुंदबुवांना पुढं आणा."

हे नाव ऐकताच पंतांचं काळीज हललं. बुवांच्या कीर्तनाला ते चार कोस चालत जात. बुवांनी अभंग उचलला की पंतांच्या डोळ्यांना धार लागे. या तोंडून खोटं येणार नाही, असं त्यांचं मन त्यांना सांगत होतं. आणि किल्लेदाराच्या तोंडून खरं येणार नाही, हेही तेच मन सांगत होतं.

बुवांनी बेलभंडार कपाळाला लावला. एरवी कीर्तनाच्या उत्तररंगात, म्हणजे आख्यानाच्या भागात, लंकादहन लावताना मारुतीची शेपटी पेटली की ते जिवाजीचं नाव घेत. आमच्या मारुतीनं पळसखिंडीची लंका जाळली, असं म्हणत आणि श्रोते टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेत. हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं.

"बुवा, जिवाजीनं कोठार जाळलं?"

"जाळलं!" बुवांनी जिवाजीच्या हातांकडे बोट केलं. "या हातांनी जाळलं. असा पुरुष शंभर वर्षांत होत नाही, पंत."

मागं उभ्या असलेल्या रयतेतून हुंकार उठला. सुभानराव मिशीत हसले. जिवाजीनं मात्र डोळे मिटून घेतले.

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहायचं काय त्यात? खोरं सांगतं."

"जिवाजी काय सांगतो?"

"तो?" बुवा कौतुकानं हसले. "तो लबाड आहे हो! कैदेतून मला निरोप धाडला, 'बुवा, तेवढं आगीचं सोडा, मी नव्हतो तिथं.' खरा भक्त आपली थोरवी आपल्या तोंडानं सांगतो होय? मी मग दुप्पट रंगवून सांगितलं."

ज्याच्यावर जीव त्याचा शब्द धरावा, तर जिवाजी कड्यावरून खाली जातो. ज्याचा तिटकारा त्याचा शब्द फेकावा, तरीही जातो. त्यांनी डोळे मिटले, पांडुरंगाला हाक मारली, आणि मग उघड्या डोळ्यांनी किल्लेदाराकडे पाहिलं.

"सुभानराव, जिवाजीला तुम्ही दरोडेखोर म्हणालात, नास्तिक म्हणालात. ते मी सोडून देतो, ते तुमच्या रागाचं आहे. पण चैत्री पौर्णिमेला तो दिवसभर तुमच्या दरवाजात होता, हे तुम्ही बेलभंडार उचलून सांगितलंत. स्वतःची फजिती कोणी हौसेनं रचून सांगत नाही. ते मी धरतो. मग त्याच दुपारी, दोन मजला दूर, पळसखिंडीत काडी लावली ती कोणी?"

सुभानरावांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

"बुवा, तुमची आग मायेची आहे, तीही सोडतो. त्याचा निरोप तुमच्या कथेला जड जात होता, तरी तो तुम्ही आज लपवला नाहीत. तेवढा मात्र ठेवून घेतो."

"पंत," किल्लेदार खालच्या आवाजात म्हणाले, "सरसुभेदारांची मर्जी काय आहे, ठाऊक आहे ना? घरी लेकीचं लग्न काढलंय म्हणे तुम्ही."

"काढलंय. अक्षता घ्यायला या." पंत उभे राहिले. "कोठाराच्या आरोपातून जिवाजी मोकल निर्दोष. कडेलोट नाही."

रयतेनं जयजयकार केला नाही. लोक एकमेकांकडे बघत राहिले. जणू पंतांनी त्यांचा मारुती हिरावून नेला होता. "म्हणजे यानं काहीच केलं नाही?" एक म्हातारा पुटपुटला. बुवा तर मान फिरवून निघून गेले, आणि पुढं पंतांशी कधी बोलले नाहीत.

मंडळी, महिना उलटायच्या आत पंतांची न्यायाधीशपदाची वस्त्रं गेली. लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. जिवाजी वेठ मोडल्याच्या गुन्ह्यापायी दोन पावसाळे अंधारकोठडीत राहिला आणि एक पाय ओढत गावी परतला. बुवांच्या कीर्तनात तो मागं, खांबाला टेकून बसे. आपण कधी न लावलेली आपलीच आग ऐके आणि गप्प राही. लोकांना आग आवडत होती.

केसोपंतांचं नाव कुठल्याच आख्यानात आलं नाही. ज्या कीर्तनावर त्यांनी जीव टाकला, त्यात त्यांना ओळभर जागा मिळाली नाही. म्हणून तुमच्या पाया पडून एक मागणं मागतो: आता बुक्का कपाळी लावाल, आरतीवर हात फिरवाल, तेव्हा त्या एका माणसाचं नाव मनात घ्या. केसोपंत उकिडवे. तेवढं घ्या, आणि मग सुखानं घरी जा.