दोन गच्च्यांमधली दोरी

"माझ्या माणसांची ताटातूट केलीत, ती तुम्हीच ना?"

सिरीननं संगणकाच्या पडद्यावरून मान वर केली. दारात एक उंचसा माणूस, हातात फोन, आणि डाव्या कानावर मोगऱ्याच्या कळ्यांचा तुरा. डाव्या कानावर तुरा म्हणजे गडी एकटा, उजव्या कानावर म्हणजे कुणाचा तरी झालेला. ट्यूनिसमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या कानाकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं... आणि बघितलंच.

तो झुहैर. मुलांच्या मासिकाची चित्रं वर्षानुवर्षं तोच काढायचा, पण घरूनच पाठवायचा. गाठ कधी पडली नव्हती. आता मासिकाची छपाई थांबली होती आणि जुने अंक फोनवर वाचता येतील असे करायचं काम सिरीनकडे आलं होतं. छपाईसाठी बांधलेलं पान भलतं अवजड. ती त्याच्या कडेच्या कापायच्या खुणा काढी, शाईचे रंग पडद्याच्या उजेडाचे करी, बारकावे गाळून चित्रं फोनला पेलतील इतकी हलकी करी, जोडपानं मधोमध कापून सुटी करी. रिकाम्या कचेरीत तिच्याशी बोलायला पंखा तेवढा होता. आई गेल्यापासून घरीही तेच. घरचा पंखा मात्र आवाजसुद्धा करत नसे.

झुहैरनं फोन पुढे धरला. उजव्या पानावर गच्चीत उभा, डाव्या कानावर तुरा लावलेला तरुण, डाव्या पानावर पलीकडच्या गच्चीतली मुलगी, मध्ये कपडे वाळत घातलेली दोरी. कागदावर दोघं एकमेकांकडे बघत होती. फोनवर एका वेळी एकच पान. तरुण नुसत्या काळ्या कडेकडे टक लावून होता आणि दोरी हवेतच संपत होती.

तिनं पानं जोडून दाखवली. चित्र मावलं, पण माणसं मोहरीएवढी झाली.

"आली जवळ," तो म्हणाला. "पण चेहरे कुठे गेले?"

"सी झुहैर," नावाआधी अदबीचं 'सी' लावत ती म्हणाली, "इथं एक तर जवळ राहायचं, नाही तर दिसायचं. दोन्ही जमत नाही."

"लल्ला सिरीन," त्यानंही तेवढ्याच अदबीनं 'लल्ला' लावलं, "तुमचा हा पडदा म्हणजे अगदी माझी आत्या. कुणाचं म्हणून जमू देत नाही."

ती हसली. स्वतःचंच हसू तिला अनोळखी वाटलं.

मग तो रोज दुपारी येऊ लागला. चिलगोजे घातलेला पुदिन्याचा चहा, शेजारी ओढलेली खुर्ची, आणि कुठला निळा फोनवर भडक दिसतो यावरून लटकी भांडणं. अशाच एका भांडणात त्याच्या तोंडून निघून गेलं, की समुद्रापलीकडे मार्सेयला काम मिळालंय, शनिवारची बोट आहे. सिरीनचा हात जिथल्या तिथे थांबला.

ती पडद्याकडे बघतच बोलली. "फोनवर पान उलटत नाहीत, अंगठ्यानं वर सरकवतात. एक गच्ची वर काढा, एक खाली. मधून दोरी उतरू दे."

"फार लांब होईल ती."

"होऊ दे... तुटणार तर नाही."

चहा निवला.

शनिवारी ती बंदरावर गेली नाही. कुणाची कोण म्हणून जायचं?

पुढे काही दिवसांनी नवं चित्र आलं. तिनं अंगठा लावला. वर मुलगी, गच्चीच्या कठड्यावर झुकलेली. मग दोरी. दोरीवर मोजे, चादर, पोराचं झबलं, मग नुसतं आभाळ, मग चक्क समुद्र, आणि दोरी आपली उतरतेच आहे. तळाशी तो तरुण, वर बघणारा. तुरा उजव्या कानावर.

चित्र हलकं करताना आपल्याकडूनच आरशातल्यासारखं उलटं झालं, असं तिला वाटलं. तिनं चित्रात तरुणामागच्या भिंतीवरची अक्षरं पाहिली. सरळ होती. त्यानं पाठवलेलं मूळ चित्र उघडलं. तिथेही तुरा उजवीकडेच.

तिनं लिहिलं, "सी झुहैर, तुरा उजव्या कानावर आलाय. चूक आहे का?"

उत्तर यायला वेळ लागला. पंखा फिरत राहिला.

"नाही. पण पटत नसेल तर तुम्ही डावीकडे घ्या. मी काही म्हणणार नाही."

फोनच्या मापात त्या कळ्यांचे जेमतेम चार ठिपके उरत होते. तिनं बाकीचं सगळं चित्र हलकं केलं, तेवढा कान सोडून. मग लिहिलं,

"आहे तिथेच शोभतो."

आणि अंगठ्यानं पुन्हा वरपासून दोरी सोडली... मोजे, चादर, झबलं, आभाळ, समुद्र.