दाराला लावलेली खुर्ची

पटलं तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यात तिखटमीठ लावलेलं नाही.

गेल्या थंडीतली संध्याकाळ. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे ताई आणि तिची धाकटी बहीण राहतात.

ताई खालच्याच दुकानात काम करते. पँट आखूड करते, उसवलेलं शिवते. तिच्या आत, त्याच एका अंगात, आणखी दोघी आहेत; कधी ताई असते, कधी त्यांच्यातली एखादी. एक छोटी, सात वर्षांची. दुसरी राखणदारीण.

लहानपणी काका रात्री तिच्या खोलीत यायचा. ते सोसायला ताई एकटी पुरली नाही, तेव्हा या दोघी आल्या. आई पलीकडच्या खोलीत जागी असायची.

उठायची नाही.

आतली कोण कधी येऊन गेली, हे ताईला आठवत नाही. म्हणून घरात एक पद्धत. तिघींचे तीन कप, तीन खुंट्यांवर. जी येईल तिनं आपल्या कपातून पाणी प्यायचं आणि कप सिंकमध्ये ठेवायचा. ताई भानावर आली की आधी सिंक बघते.

राखणदारीण रोज अंधार पडला की दाराला खुर्ची लावायची. ताईच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंनी तिची वर्षानुवर्षं समजूत काढली. शेवटी ती म्हणाली, बरं, थांबते मी. खुर्ची टेबलाशी गेली आणि ताई पहिल्यांदा सलग झोपायला लागली.

मग ती संध्याकाळ...

खुर्ची दाराला लागलेली.

"आज परत का गं?" धाकटी वैतागली. हे राखणदारणीचंच काम, असं तिनं धरलं होतं. "थकलो आम्ही आता. जरा सोड ना."

ताईनं सिंक बघितलं.

तिन्ही कप खुंटीवर होते. कोरडे.

सिंकमध्ये चौथा होता... कान तुटलेला. आईचा. ती वारल्यापासून माळ्यावर दोरीनं बांधलेल्या पेटीत ठेवलेला.

ओला होता.

धाकटी स्टूल घेऊन माळ्यावर चढली. पेटीच्या दोरीची गाठ होती तशीच होती.

ताईनं डोळे मिटले. आत विचारलं, कोण आलं होतं?

मी नाही, राखणदारीण म्हणाली. मी शब्द दिलाय.

मग ताईच्या तोंडून छोटीचा बारीक आवाज आला. धाकटीनंही ऐकला.

"आई आहे. दाराशी बसलीये."

रिकामी खुर्ची कुरकुरली...

ताईला भीती वाटली नाही. राग आला, आणि रागवायलाही अंगात त्राण नव्हतं.

"आता येऊन काय उपयोग, आई?" ती एवढंच म्हणाली.

डॉक्टरीणबाई म्हणतात, आत चौथी कुणी असेल, भेटू तिला. असेलही. ताई रोज सकाळी खुर्ची जागेवर ठेवते, कप धुते. संध्याकाळी पुन्हा खुर्ची दाराला आणि आईचा कप ओला. चौथ्या खुंटीसाठी तिनं खिळा आणून ठेवलाय, पण ठोकायला हात धजत नाही.

परवा छोटीनं विचारलं, "आईला आत घ्यायचं का?"

छोटीनं हे विचारल्यापासून राखणदारीण पुन्हा रात्रभर जागी असते, आणि ताईची झोप गेली ती गेलीच.