त्रेसष्टावं पान

एलिसेओ पहिल्यांदा दुकानात आला तो केक घेऊन. हरांतकाकांचा साठावा वाढदिवस होता आणि काकूंनी नॉर्थ हॉलिवूडमधल्या त्यांच्या झेरॉक्सच्या दुकानात, शेजारच्या गल्लीतल्या मेक्सिकन बेकरीतून केक मागवला होता. खोका काउंटरवर ठेवून त्याने सही घेतली. मग निघायचं सोडून तो तिथे रचलेल्या, पितळी पिना लावलेल्या कागदी गठ्ठ्यांकडे बघत उभाच राहिला.

"भोकं तीन आणि पिना दोनच?" त्याने विचारलं.

अराक्सीने मान वर केली. चार वर्षं ती काकांच्या दुकानात लोकांच्या पटकथा बांधत होती. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या घरीही एक पटकथा दडलेली असते, हे आता तिला पाठ झालं होतं. तसंही या शहरात ज्याच्याकडे पटकथा नाही असा माणूस शोधूनच काढावा लागतो.

"वर एक, खाली एक. मधलं भोक रिकामं ठेवायचं."

"का?"

"ते कुणालाच माहीत नाही. पण मध्ये पिन दिसली की निर्माते ओळखतात, माणूस नवखा आहे." ती जराशी हसली. "तुमच्या कव्हरवर चित्र आहे ना?"

तो ओशाळला. "बसचं आहे. पण तुम्हाला कसं कळलं?"

"काढून टाका. चित्र नको, तारीख नको, हा कितवा खर्डा तेही नको. नाव, तुमचं नाव, पत्ता, फोन. संपलं."

त्याच्या डाव्या भुवईला पीठ लागलं होतं. ते सांगावं की नाही, या विचारात ती असतानाच तो निघून गेला. मग दिवसभर तिला ती भुवई आठवत राहिली, याचा तिला स्वतःचाच राग आला.

त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला काही ना काही विचारायचं असायचं. अक्षर कुठलं वापरायचं, डावीकडे समास किती सोडायचा, एकशे अकरा पानं जास्त तर होत नाहीत ना... प्रश्न एक आणि सोबत गोड पावांची एक पिशवी, असा त्याचा शिरस्ताच पडला.

"हे फोनवरही विचारता आलं असतं," ती एकदा म्हणाली.

"आलं असतं. पण फोनवरून पाव कसा देणार?"

मागे यंत्रापाशी उभे असलेले हरांतकाका मोठ्याने खोकले. काकांना खोकला नव्हता.

मार्चमधल्या एका सकाळी तो पाच सुटे गठ्ठे घेऊन आला. पत्रं लिहून लिहून त्याने पाच निर्मात्यांकडून वाचायचा होकार मिळवला होता आणि त्याच दिवशी टपाल गाठायचं होतं. पैसे वाचवायला त्याने वाचनालयाच्या यंत्रावर प्रती काढल्या होत्या आणि पानंही हातानेच लावली होती. तीनपर्यंत बांधून, पाकिटात घालून ठेवा, असं सांगून तो पाव पोचवायला गेला.

अराक्सीने पहिला गठ्ठा उचलला, काउंटरवर आपटून कडा सरळ केल्या आणि बोटाने पानं फिरवली. मध्येच बोट अडकलं. त्रेसष्टावं आणि चौसष्टावं पान खालच्या कोपऱ्यात चिकटलं होतं. दुसऱ्या गठ्ठ्यातही तेच. पाकाच्या बोटांनी पानं लावली स्वारीने, ती मनाशी म्हणाली आणि पातळ पट्टी घालून अलगद सोडवत गेली. तिसऱ्या गठ्ठ्यात मात्र कोपरा टरकन फाटला.

आता त्या पानाची नवी प्रत काढणं आलं. ते काचेवर ठेवता ठेवता तिची नजर ओळींवर गेली... आणि तिथेच राहिली.

या दुकानाचा नियम एकच होता, गिऱ्हाइकाचं वाचायचं नाही. लिहिणारी माणसं चोरीला फार भितात. नुसती कुजबुज झाली तरी दुकान बसलं असतं. चार वर्षांत तिने एक ओळ वाचली नव्हती. त्या दिवशी तिने त्रेसष्टावं पान वाचलं. मग पहिल्यापासून सुरुवात केली आणि उभ्या उभ्या शेवटापर्यंत गेली.

गोष्ट एका बसचालकाची होती. नवरा-बायकोत अबोला. तो इतका लांबलेला की घरात भांडीसुद्धा आवाज न करता ठेवली जायची. आणि त्रेसष्टाव्या पानावर ती बाई एका सकाळी त्याच्याच बसमध्ये चढते, अनोळखी बाईसारखे तिकिटाचे पैसे टाकते. तो समोर बघतच विचारतो, कुठे उतरायचंय? ती म्हणते, शेवटच्या थांब्यापर्यंत.

अराक्सीने डोळे पुसले, नवी प्रत काढली, पिना बसवल्या, पाकिटं बंद केली. फाटलेलं पान मात्र तिला टाकवेना. ते तिने खणात ठेवलं.

तीन वाजता तो आला. "तुमचे डोळे का लाल झालेत?"

"शाईची भुकटी उडते," ती म्हणाली, आणि आणखी दहा पिना कागदाच्या पुडीत बांधून तिने त्याच्या हातात दिल्या. "अस्सल पितळी आहेत, वाकत नाहीत. पुढच्या पाच प्रतींना लागतील."

एप्रिल गेला, मेही सरत आला. या दिवसांत मंगळवार आणि शुक्रवार तिला आठवड्यातून एकेकदाच का येतात, असं वाटायला लागलं होतं.

आणि मग एका बुधवारी तो आला. हातात पावाची पिशवी नव्हती. काखेत तीन पाकिटं होती आणि ती पुडी त्याने काउंटरवर ठेवली.

"ही परत करायला आलो. मला आता लागणार नाहीत."

शनिवारी तो दूर सीमेवर, कॅलेक्सिकोला मामाकडे निघाला होता, कायमचा. मामाला बेकरी झेपत नव्हती. हे सगळं त्याने पावाची ऑर्डर सांगावी तसं सरळ सांगितलं.

"तीनच तर परत आल्यात," ती म्हणाली. "अजून दोन बाकी आहेत."

"तिघांनी वाचून नको म्हटलं." तो कसनुसा हसला. "तुम्हाला सांगायला हरकत नाही. लिहिणाऱ्यांची एक युक्ती असते. मधली दोन पानं डिंकाच्या थेंबाने चिकटवायची. तशीच चिकटलेली परत आली, तर समजायचं की कुणी उघडलंच नाही. माझी तिन्ही सुटलेली आली. न वाचता नाकारलं असतं, तर मी दहा वेळा पुन्हा पाठवली असती. पण अर्ध्याच्या पुढे वाचूनही त्यांना नकोशी वाटली... मग माझ्याकडे उरलं काय?"

अराक्सीला ते चिकटलेले कोपरे आठवले. पाक नव्हता तर तो. डिंक होता.

ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. नियम मोडल्याची लाजही झाकली गेली असती. तो शनिवारी गेला असता, जन्मभर पाव भाजत बसला असता, आणि आपलं लिहिणं वाईट होतं असं मानत राहिला असता... तिने खण उघडला. फाटक्या कोपऱ्याचं पान तिने त्याच्यासमोर ठेवलं. कोपऱ्यावर डिंकाचा पिवळा ठिपका तसाच होता.

"ती पानं मी सोडवली," ती म्हणाली. "पाचही गठ्ठ्यांतली. मला वाटलं, तुमच्या हाताला पाक लागला होता."

त्याने त्या ठिपक्यावरून बोट फिरवलं.

"म्हणजे त्यांनी..."

"त्यांनी वाचलंच नाही, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण आण ते इकडे." आपण 'आण' म्हणून गेलो, हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिने एक प्रत पाकिटातून काढली. "वाचलेल्या प्रतीच्या कव्हरला पिनांपाशी घडी पडतेच. हे बघ. मी बांधली तशीच्या तशी आलीय."

दुसरी तशीच होती. तिसरीही.

एलिसेओ आधी चिडला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दोन महिने आपण काय काय भोगलं ते तो सांगायला लागला आणि मध्येच थांबला.

"पण पान फाटलं तर टाकून द्यायचं. ठेवलंस कशाला?"

तिच्याकडे याचं उत्तर होतं, फक्त ते मागे उभ्या असलेल्या काकांच्या देखत द्यावं लागणार होतं. यंत्र केव्हाच थांबलं होतं.

"वाचलं म्हणून," ती म्हणाली. "पूर्ण वाचलं. आणि... मला ते फार आवडलं, एलिसेओ. इतकं, की तू आलास तेव्हा मला खोटं बोलावं लागलं. शाईने नव्हते झाले डोळे लाल."

हरांतकाका चष्मा पुसत पुढे आले. दोघंही शिक्षेची वाट बघत असल्यासारखी उभी होती.

"चार वर्षांत एकदाही नियम मोडला नाही पोरीने," ते एलिसेओला म्हणाले. "लिहिलंयस तरी काय एवढं?" आणि तिन्हींतली एक प्रत उचलून, खुर्ची ओढून ते पहिलं पान उघडून बसले.

एलिसेओने पुडी पुन्हा खिशात टाकली. मग जरा विचार करून बाहेर काढली आणि तिच्या हातात दिली.

"तूच बांध," तो म्हणाला. "पाच प्रती. या खेपेला डिंक नाही."

"आणि मामा?"

"मामाला पाव भाजणारा मिळेल. पटकथा लिहिणारा भाचा कुठून मिळणार?"

दुकान बंद व्हायची वेळ झाली होती. बाहेर त्याची बेकरीची गाडी उभी होती. समोरच्या फुटपाथवर जांभळ्या फुलांचा सडा पडला होता आणि गाडीच्या काचेवरही चार फुलं चिकटली होती. ती शेजारी बसली. गाडीत लोण्याचा आणि दालचिनीचा वास होता. त्याने किल्ली फिरवली आणि समोर बघतच विचारलं,

"कुठे सोडू?"

अराक्सीने त्याच्या भुवईवरचं पीठ बोटाने पुसलं. पहिल्या दिवसापासून राहून गेलं होतं ते.

"शेवटच्या थांब्यापर्यंत," ती म्हणाली.