बदली माणूस

कंपनीचा यंदा सुवर्णमहोत्सव, म्हणून दादाने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि इतिहास लिहायचं लचांड माझ्या गळ्यात अडकवलं.

इतिहास तसा साधा आहे. बाबांनी एका बाकड्यावर बसून सुरुवात केली. गोदामाला हमाल हवेत, कारखान्याला झाडणारे हवेत, बाबा माणसं पाठवत. नाव झालं ते बदली माणसांमुळे. कुणी आजारी पडलं की त्याच्या जागी तासाभरात दुसरा हजर. बाबांचा एकच हेका होता: निरोप आल्याशिवाय बदली माणूस हलता कामा नये. "बाबा ताकही फुंकून पितात," असं दादा चिडवायचा.

बाबा गेल्यावर दादा गाडीतून माणसं पोचवू लागला आणि मी ऑफिस बघू लागले.

मागच्या हिवाळ्यात शीतगृहाच्या मुकादमाचा फोन आला. "बदली माणूस कशाला पाठवलात? तुमचा माणूस तर इथेच काम करतोय." मी कुणालाच पाठवलं नव्हतं. त्यांचाच काहीतरी घोळ असेल म्हणून मी सोडून दिलं. दुपारी आमचा माणूस पेट्या उतरवताना कोसळला आणि जागीच गेला.

"वाईट झालं," मुकादम नंतर म्हणाला. "पण तुमच्या बदलीने लगेच हातमोजे चढवले. चहासुद्धा मागत नाही हो. त्यालाच पाठवत जा."

तो दिसायला कसा होता, ते मात्र त्याला सांगता येईना.

मग छापखान्यातही तेच झालं. सकाळी बदली आला, दुपारी आमचा मशीनवाला गेला. मी योगायोग म्हटलं, पण रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर एका सकाळी दादा माझ्या टेबलाशी चहा पीत होता. इतिहास लिहिता लिहिता तूच इतिहासजमा होशील, म्हणत होता. खिडकीतून आवारातली आमची गाडी दिसत होती. चालकाच्या जागेवर कुणीतरी बसलं होतं. अंगात आमचं निळं जॅकेट. तो आरसा आपल्या उंचीला लावून घेत होता.

मी ऑफिसचं दार आतून लावलं.

"दादा, आज कुठेही जायचं नाही."

"अगं, माणसं खोळंबलीत."

"खोळंबू देत. माझी शपथ आहे."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. ते पाहूनच तो बसला असावा. थोड्या वेळाने पाहिलं तर गाडी रिकामी होती.

दिवसभर मी त्याला नजरेआड होऊ दिलं नाही. जिना उतरू दिला नाही, पंख्याच्या बटणालाही हात लावू दिला नाही. दुपार टळली. दादा कुरकुरत खुर्चीतच पेंगला. त्याची छाती वरखाली होताना मी पाहत होते. मला हसू आलं आणि रडूही आलं. वाचला, मी स्वतःशीच म्हणाले.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. ती अगदी हळू बोलत होती.

"ताई, यांना आज लवकर सोडलंत ते बरं केलंत. दुपारपासून घरीच आहेत. भांडी घासली, गळका नळही दुरुस्त केला."

समोर दादाने डोळे उघडले.

"कोण गं?"

मी त्याला हातानेच थांबायची खूण केली.

"हळू बोलते हं," वहिनी म्हणाली. "पोरगी कधी यांच्याजवळ झोपत नाही. आज मांडीवर घेतली आणि लगेच झोपली."