खोली तीन, दुपारी चार

संघमित्राने दार ढकललं, तर आत कोणीतरी हातोडीने ठोकून तबला सुरात लावत बसलं होतं.

"ही वेळ माझी आहे," ती दाराशीच म्हणाली. इतकी हळू, की त्याला दोनदा विचारावं लागलं.

"माझीही. फळ्यावर लिहिलंय."

फळ्यावर खरंच दोघांची नावं होती. गिरगावातल्या या संगीत विद्यालयात नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी जमेल ती वेळ खडूने लिहायची आणि खोली घ्यायची, अशी रीत. लेखी परीक्षा नाही. वर्षाअखेरीस माणसांसमोर अर्धा तास गायचं, तीच परीक्षा. संघमित्राचं घोडं तिथेच अडत होतं. आलाप संपवून बंदिश उचलताना गाणारीने तबल्याकडे नजर टाकायची, मग समेवर थाप पडायची. परळच्या लॅबमध्ये सकाळभर रक्त तपासणारी ही करी रोडची मुलगी गेल्या वर्षी सतरंजीकडेच बघत राहिली. थाप भलतीकडे पडली आणि ती मध्येच उठून गेली. यंदाची संधी शेवटची होती.

गाणं शिकवणाऱ्या दमयंतीबाईंनी वाद एका वाक्यात मिटवला. हिला साथ हवी, यशोधनला साथीचा सराव, बसा एकत्र.

बसले. पण दोन आठवडे झाले तरी तिची मान वर होईना.

"अहो, बंदिश उचलताना तरी बघा माझ्याकडे."

"सवय नाही मला…"

"तबलावाल्याकडे बघायची?"

"कोणाकडेच."

त्याने चष्मा वर सरकवला. "मग नाकाकडे बघा. आमच्या घरात कोणाच्याच चेहऱ्यावर दुसरं काही दिसतही नाही."

तिला हसू आलं, आणि हसता हसता ते नाक दिसलं. खरंच मोठं होतं. मग रोज दुपारी चारला, खालच्या वाडीतून तळलेल्या बोंबलांचा वास येत असताना, तिची नजर थोडी थोडी वर सरकू लागली… चष्म्याच्या काचेपर्यंत… आणि लगेच परत नाकावर. त्याच्या ते लक्षात येत होतं. तेव्हा त्याच्या डाव्या हाताखालचा डग्गा जरा लाडात यायचा.

कार्यक्रमाला साठेक माणसं जमली. आलाप संपला, बंदिशीची पहिली ओळ आली, आणि तिने मान वर केली — थेट त्याच्या डोळ्यांत.

थाप पडलीच नाही. त्याचा हात हवेतच राहिला.

सभागृहात कुजबुज झाली. गेल्या वर्षी ती उठली असती. आज तिने हसून तीच ओळ पुन्हा घेतली, सावकाश, हात धरून रस्ता ओलांडून द्यावा तशी. या वेळी समेवर दोघं बरोबर पोहोचले, आणि मागच्या रांगेतून दाद आली.

"तू पास," दमयंतीबाई नंतर म्हणाल्या. "आणि तुला काय झालं रे यशोधन?"

"नाकाकडे बघायचं ठरलं होतं, बाई. हिने ठरलेलं मोडलं."

बाई खोकल्या आणि चहाचं निमित्त काढून निघून गेल्या.

संघमित्राचे कान लाल झाले होते. ती फळ्यापाशी गेली आणि 'खोली तीन, दुपारी चार'समोर दोघांची नावं लिहिली, शेजारी शेजारी. 'यशोधन' जरा वाकडं आलं.

"परीक्षा तर झाली," तो म्हणाला. "आता कसला सराव?"

"बघायचा," ती म्हणाली. "येशील?"

आता कुठलीच सम यायची नव्हती. तरी तिने मान वर केली.